अर्ध्या तासात हजर

किल्ल्यांचा जुडगा विहिरीत पडला तेव्हा डुबुक असा एवढासाच आवाज झाला. त्या आवाजानं धाकट्याचा राग जागच्या जागी उतरला, पण तोवर हात रिकामा झाला होता.

भांडण तसं रोजचंच. कोंबड्यांच्या खाद्याची गाडी आली होती. पोती उतरवता उतरवता आक्कानं ड्रायव्हरसमोरच त्याला विचारलं, "ऊन डोक्यावर आलं तरी शेडचे पडदे गुंडाळले नाहीस? पक्षी शिजवायचेत का?" ड्रायव्हर फिदीफिदी हसला. झालं.

आक्का थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पडीक तुकड्यावर कोंबड्यांची शेड तिनं उभी केली. धाकटा तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. अंगानं दांडगा, कामाला वाघ, पण कुणी हसलेलं त्याला अजिबात खपायचं नाही. कमरेचा जुडगा हिसडून काढत तो म्हणाला, "घे तुझं राज्य! सांभाळ एकटी!" आणि भिरकावला.

"जनरेटरच्या खोलीची किल्ली त्यातच होती ना?" धाकट्याची बायको पोत्यावरून उठत म्हणाली. आक्का तिला वहिनी म्हणायची.

"दुसरी कुठंय?" आबांनी विचारलं. कानानं जड असले तरी अशा वेळी त्यांना नेमकं ऐकू यायचं.

"त्याच जुडग्यात," वहिनी म्हणाली. "हरवू नये म्हणून."

एरवी यावर सगळे पोट धरून हसले असते.

धाकटा तसाच दोर कमरेला बांधून विहिरीत उतरला. पाणी छातीएवढं, पण खाली गाळ मांडीपर्यंत. पायांनी चाचपत, नाक मिटून बुड्या मारत तो तासभर आत होता. त्याला सापडलं काय, तर एक फुटकी बादली, एक नांगराचा फाळ आणि फाळानंच कापलेली स्वतःची टाच. वर आला तेव्हा डोळे लाल झाले होते आणि टाचेतून रक्ताची धार लागली होती. आक्कानं फडकं पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही.

आणि बाराच्या सुमाराला लाईट गेली.

शेडमध्ये बारा पंख्यांची घरघर दिवसभर चालू असायची. इतकी, की ती ऐकू येणंच बंद झालेलं. ती थांबली तेव्हा आधी शांतता झाली, मग त्या शांततेतून तीन हजार कोंबड्यांचा श्वास ऐकू यायला लागला. भरलेले, दोन-दोन किलोंचे पक्षी. आठवड्याभरात गाडीत चढायचे. असल्या अंगाला उष्मा सोसत नाही. चोची उघडून, पंख अंगापासून दूर धरून ते धापा टाकायला लागले. पत्र्याखाली हवा भट्टीसारखी झाली होती.

"लाईनमनला फोन लाव," आक्का म्हणाली.

"लावला. तार तुटलीय म्हणतो. संध्याकाळपर्यंत नाही."

जनरेटरची खोली शेडला चिकटूनच होती. दोन वर्षांपूर्वी पहिला जनरेटर चोरीला गेला, त्यानंतर धाकट्यानं ही खोली स्वतःच्या हातानं बांधलेली. भिंतीत सळया, खिडकीच्या जागी हातभर झरोका, आणि जाड पत्र्याचं दार. कुलूप दारातच बसवलेलं, कडी बाहेर नाहीच. पहार घालायला बोटभर फट नव्हती. पत्रा कापायची मशीन होती, पण ती विजेवर चालणारी.

धाकट्यानं घण घेऊन दारावर आठ-दहा घाव घातले. दार नुसतं घुमलं. घणाचा दांडा मुठीत फिरला आणि तळहाताची साल निघाली.

"भिंत फोडा," आबा म्हणाले.

"सळया आहेत, आबा! अर्धा दिवस जाईल!"

"मग बाजारातल्या किल्लीवाल्याला आण," आक्का म्हणाली.

धाकट्यानं मान फिरवली. गेल्या वर्षी एक किल्ली कुलपात वाकली म्हणून त्यानं त्या म्हाताऱ्याला भर बाजारात थोबाडीत मारली होती. नंतर कळलं, किल्ली बरोबर होती. यानंच ती उलटी घालून दाबली होती. "त्याच्या दारात मी जाणार नाही," तो म्हणाला. "आणि जायला-यायला पाऊण तास. हे बघ, इथं नंबर आहे."

फाटकाच्या खांबावर कुणीतरी कधीतरी एक पिवळा कागद चिकटवून गेलं होतं. 'कोणतेही कुलूप उघडून मिळेल. न तोडता. अर्ध्या तासात हजर.' खाली नुसता नंबर. ना दुकानाचं नाव, ना पत्ता.

आक्कानं फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. येण्याची फी म्हणून त्यानं सांगितलेला आकडा इतका किरकोळ होता की तिला उलट भीतीच वाटली.

"दुकान कुठं आहे तुमचं?"

"सगळीकडे आहे, ताई. आमचा माणूस तुमच्या जवळच आहे."

"नाव काय दुकानाचं? आणि सगळं मिळून किती घेणार, ते सांगा."

"ते कुलूप बघितल्याशिवाय कसं सांगणार, ताई?"

धाकट्यानं तिच्या हातातून फोन ओढला. "तुम्ही या हो! काय लागेल ते देतो. माल मरतोय इथं!"

आक्कानं डोळे मिटले. समोरच्याला जे हवं होतं, तेच यानं सांगून टाकलं होतं.

मग बादल्या सुरू झाल्या. मोटार बंद, म्हणून पाणी हातानं शेंदायचं. आबा रहाट ओढत, वहिनी आणि आक्का बादल्या वाहत, धाकटा छतावर आणि पक्ष्यांवर पाणी मारी. पहिला पक्षी साडेबाराला मेला. पाय ताठ केले, मान मागं टाकली, आणि भुशात आडवा झाला. मग त्याच्या बाजूचा. मग कोपऱ्यात एकदम सात. जिवंत होते ते भिंतीकडं सरकून एकमेकांवर चढत होते, आणि खालचे गुदमरत होते. आक्का दोन्ही हातांनी ढीग उपसून पक्षी मोकळे करत होती. पाय धरून उचलावं तर पक्षी हातातच मान टाकी. तिच्या दंडांवर नखांचे ओरखडे उठले. घामानं ते चरचरत होते.

अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला, तेव्हा एक मोटरसायकल आली. दोघं होते. पुढचा काळा गॉगल लावलेला, पिळदार. मागचा जाड्या, मांडीवर कातडी पिशवी. नंबरप्लेटवर चिखल थापलेला. आजूबाजूच्या तलावांना भेगा पडल्या होत्या, आणि यांना चिखल कुठं भेटला कुणास ठाऊक.

आक्कानं तो चिखल बघितला आणि वहिनीला बाजूला घेतलं. "स्कूटर काढ. बाजारात जा, किल्लीवाल्या काकांना घेऊन ये. पाया पड हवं तर."

"हे चिडतील."

"चिडू दे. जा तू."

गॉगलवाल्यानं दाराकडं बघितलं. वाकला नाही, की किल्लीच्या भोकात तार घातली नाही. शेडमधून येणारा कलकलाट मात्र त्यानं मान तिरपी करून नीट ऐकला.

"हे परदेशी कुलूप आहे," तो म्हणाला. "उघडत नसतं. पाडावं लागेल."

"कागदावर तर न तोडता लिहिलंय," आक्का म्हणाली.

"मग कागदाकडून उघडून घ्या."

जाड्या हसला. धाकट्याच्या कानशिलाची शीर उडाली, पण तो म्हणाला, "पाडा. लवकर पाडा."

"थांब," आक्का मध्ये आली. "आधी पूर्ण किती ते बोला. मगच दाराला हात लावा."

"आक्का, बाजूला हो! तुझ्या चौकशा होईस्तोवर शेड रिकामी होईल!" त्यानं तिच्या खांद्याला धरून तिला ढकललं. ती पत्र्यावर आदळली. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

गॉगलवाल्यानं पिशवीतून बॅटरीवर चालणारं ड्रिल काढलं आणि कुलपाच्या पोटात भोक पाडलं. मग सावकाश त्याच्या खाली आणखी एक. यातच अर्धा तास गेला. लोखंडाचा कीस उडाला, करपट वास सुटला, आतून काहीतरी खळ्ळकन खाली पडलं. धाकट्यानं दार ओढलं. दार हललं नाही.

"आता आतला गज अडकला," गॉगलवाला हात पुसत म्हणाला. "तो कापायचे वेगळे." आणि त्यानं आकडा सांगितला. फोनवरच्या आकड्याच्या वीसपट.

"अरे, फोनवर तुम्ही..."

"फोनवर मी नव्हतो. झालेल्या कामाचे आधी द्या, रोख. मग पुढचं बघू. घाई तुम्हालाच आहे." त्यानं शेडकडं हनुवटी उडवली. "आणि ड्रिलचं पातं खराब झालं, ते धरून सांगतोय."

"दार उघडलंच नाही तर कसले पैसे?"

यावर जाड्यानं खुंटीवर टांगलेला धाकट्याचा सदरा काढला, खिशातलं पाकीट काढून उघडलं आणि आत बोटं घातली. इतक्या निवांतपणे, जणू स्वतःचंच आहे.

धाकट्यानं त्याची कॉलर धरली. जाड्याच्या हातात पाना होता. तो त्यानं खालून वर, सरळ धाकट्याच्या तोंडावर मारला. ओठ फाटून हिरडीला चिकटला. धाकटा रक्त आणि अर्धा दात थुंकला, आणि पुन्हा अंगावर धावला. दोघं भुशाच्या ढिगावर कोसळले. जाड्याचा अंगठा धाकट्याच्या डोळ्यात, धाकट्याचे दात जाड्याच्या मनगटात. आबा काठी घेऊन आले आणि डोळे मिटून मारत सुटले. दोन काठ्या पोरालाच बसल्या.

गॉगलवाला हातोडी घेऊन मागून धाकट्याच्या डोक्याकडं निघाला. ते आक्कानं पाहिलं. तिच्या हातात रिकामी बादली होती. तिनं ती त्याच्या पाठीत घातली. तो वळला आणि हातोडी फिरवली. तिनं हात आडवा धरला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. हाताकडं बघितलं तर मनगट भलत्याच जागी वाकलेलं. दुखलं नाही. दुखणं एक श्वास मागाहून आलं, आणि आलं ते तिला गुडघ्यावर पाडूनच.

तिची किंकाळी ऐकून धाकट्यानं जाड्याला सोडलं. भिंतीला पहार टेकलेली होती. ती उचलली आणि आडवी फिरवली. गॉगलवाल्याच्या गुडघ्यावर बसली. गुडघा मागच्या बाजूला वळला. तो गुरासारखा ओरडत खाली पडला. गॉगल उडाला. खालचे डोळे अगदीच कोवळे होते. माणूस पंचविशीचाही नसेल.

जाड्यानं ते बघितलं, पिशवी उचलली, मोटरसायकलला लाथ मारली आणि जोडीदाराकडं न बघता निघून गेला.

धाकट्यानं पहार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. टोक खाली. खालचा सरपटत होता, "नको, नको" म्हणत होता, आणि चड्डी ओली झाली होती.

आक्का उठली की सरपटली, तिला नंतर आठवेना. ती त्या परक्या माणसाच्या छातीवर आडवी पडली. "घाल," ती म्हणाली. "माझ्यातून घाल. हा मरेल, तू आत जाशील, आणि पक्षी ते मेलेलेच! वहिनीला मी काय सांगू? आबांना कोण बघेल?"

"त्यानं तुझा हात मोडला!"

"आणि ढकललं कुणी?"

धाकट्याची पहार हवेत होती तशीच कितीतरी वेळ राहिली. मग ती त्याच्या मागं दगडावर पडून वाजली. तो दाराला पाठ लावून बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारत राहिला. आबांनी त्याचे हात धरले तेव्हा थांबला.

तेवढ्यात वहिनीची स्कूटर आली. मागं म्हातारा किल्लीवाला, मांडीवर पत्र्याचा डबा. आक्काचा लोंबता हात, नवऱ्याचं तोंड, जमिनीवर कण्हणारा परका माणूस बघून वहिनीनं स्कूटर स्टँडला न लावताच सोडली. म्हातारा मात्र सरळ दाराकडं गेला. भोकात बोट घातलं, मग डोळा लावला.

"नुसतं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला. "साधं कुलूप आहे. मीच विकलेलं. हे भोक चुकून नाही पडलं. इथं पाडलं की गज कायमचा बसतो. मुद्दाम पाडलंय." तो गॉगलवाल्याजवळ उकिडवा बसला. "कुणाकडं शिकलास?"

"शिकलो नाही," तो हुंदके देत म्हणाला. "गाडी धुवायचो. एक दिवस दाखवलं. कुठं भोक पाडायचं, तेवढंच. उघडायचं कसं ते दाखवलंच नाही."

म्हाताऱ्यानं वर धाकट्याकडं बघितलं. "मला का नाही बोलावलंस?"

धाकट्याला फाटक्या ओठानं नीट बोलता येत नव्हतं. "मी... तुम्हाला..."

"मारलं होतंस. मग? मारलंस म्हणून आलो नसतो काय? दुकान मांडून बसलोय मी. कुठं पळून जाणार होतो?" तो उठला. "आता दार विसर. भिंत फोड."

"सळया आहेत."

"तूच टाकल्यास ना? मग कुठं कुठं आहेत, ते तुलाच माहीत."

धाकट्यानं पहार उचलली. टाच कापलेली, तळहात सोललेले, तोंडातून रक्त गळतंय. पण त्या भिंतीवर तो असा तुटून पडला की विटांचा धुरळा शेडच्या पत्र्यावर गेला. वहिनी विटा ओढत होती. म्हातारा सळया करवतीनं कापत होता. हात कंपवाताचे, पण करवत सरळ. शेजारचा ट्रॅक्टरवाला आवाज ऐकून आला आणि घण घेऊन भिडला. आक्का एका हातानं बादल्या वाहत राहिली, दुसरा पदरानं गळ्यात बांधून. जाता-येता तिनं जमिनीवरच्या पोराला सावलीत ओढायला लावलं आणि तांब्याभर पाणी त्याच्या तोंडाला लावलं. त्यानं पाणी पिताना तिच्याकडं बघितलं नाही.

तासाभरानं माणूस आडवा शिरेल एवढं भगदाड पडलं. धाकटा आत शिरला. जनरेटर दोनदा खोकला, तिसऱ्यांदा सुरू झाला. बारा पंखे हळूहळू फिरायला लागले. आबांनी विचारलं, "लागले का?" त्यांना ती घरघर ऐकू येत नव्हती.

ट्रॅक्टरवाल्यानं गॉगलवाल्याला ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं. आक्कालाही ये म्हणाला. "हे उरकू दे," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं लाकडाच्या दोन पट्ट्या लावून तिचं मनगट बांधलं. त्या बांधण्याचं त्यानं काही घेतलं नाही. सळया कापायचे घेतले, तेही निघताना, सळयांना हात लावायच्या आधी सांगितले होते तेवढेच.

ऊन कलल्यावर दवाखान्यातून खबर मिळून हवालदार आला. त्यानं नंबर असलेला पिवळा कागद खांबावरून सोलून खिशात घातला. "त्या पोराचा पाय कायमचा गेलाय म्हणतात," तो म्हणाला. "मारलं कुणी?"

आबा तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटा पुढं झाला. "मी."

"त्यांनी आधी मारलं," वहिनी म्हणाली. "ह्यांचं तोंड बघा, आक्कांचा हात बघा."

"तेही लिहितो. उद्या सकाळी ठाण्यावर ये. मी न्यायला येणार नाही, स्वतः ये."

"येतो," धाकटा म्हणाला.

साडेअकराशे पक्षी मेले होते. ते तसेच ठेवले तर राहिलेलेही जातील, म्हणून शेडच्या मागं खड्डा खणायला घेतला. वहिनी चारचार पाय एका मुठीत धरून पक्षी आणत होती. मेलेला पक्षी जिवंतपेक्षा जड लागतो. वास सुटला होता. आक्का खड्ड्याच्या काठावर बसून पांढरा चुना टाकत होती, आणि तेव्हाच भुशात कुठंतरी फोन वाजला.

कुणाचाच नव्हता. झटापटीत गॉगलवाल्याच्या खिशातून पडलेला. पिवळ्या कागदावरचे फोन याच्यावरही वळत असावेत. आक्कानं काच पुसली आणि कानाला लावला.

"हॅलो, कुलूपवाले का?" एक बाई. रडवेली. "माझी आई आत आहे हो, तिला दिसत नाही, आतून खटका पडलाय. तुम्ही किती वेळात येता? काय लागेल ते देते."

"असं म्हणू नका," आक्का म्हणाली. "कुणालाच म्हणू नका तसं. मी कुलूपवाली नाही. नीट ऐका. आईशी खिडकीतून बोलत राहा, म्हणजे ती घाबरणार नाही. तुमच्या बाजारात दुकानात बसणारा कुणी किल्लीवाला आहे? ज्याला चार लोक ओळखतात असा?"

"आहे एक. पण तो लांब आहे."

"लांब असू दे. त्यालाच आणा. दाराला हात लावायच्या आधी पूर्ण किती, ते वदवून घ्या. आणि आल्या आल्या जो भोक पाडायला निघेल, त्याला फाटकातूनच परत पाठवा."

"पण तुम्ही कोण?"

आक्कानं खड्ड्यात बघितलं. "बाई, वेळ घालवू नका. निघा," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. तेव्हा कुठं तिला हुंदका फुटला. मोडक्या हातासकट सगळं अंग हलायला लागलं. वहिनी हातातले पक्षी टाकून तिच्याजवळ बसली.

धाकटा खड्ड्यात छातीएवढा उभा होता, फावडं थांबवून बघत.

"आक्का," तो म्हणाला. सुजलेल्या ओठावरून हात फिरवला. "हात... लई दुखतो का?"

"दुखतो."

फोन पुन्हा वाजला. आक्कानं हात पुढं केला, पण धाकट्यानं खड्ड्यातून हात लांबवून तो आधी उचलला. बोटांना चिखल, चुना आणि पिसं. फोन वाजत होता, आणि तो नुसता त्याच्याकडं बघत होता. समोर ट्रॅक्टरवाला परत आलेला, फाटकाशी गावातले पाच-सहा जण जमलेले. सगळ्यांचे कान इकडंच.

त्यानं फोन कानाला लावला.

"नाही," तो म्हणाला. तोंड फाटल्यामुळं शब्द बोबडे येत होते, म्हणून त्यानं आवाज चढवला. "नाही, मी कुलूपवाला नाही. मी ह्यांना बोलावलं होतं. बहीण नको म्हणत होती, तरी बोलावलं. हो, फसलो. थांबा, ठेवू नका, काय झालं ते सांगतो."